दहापट चेंडू

‘सात… आठ… नऊला थांब… हां, दहा.’

पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या पडवीत मी हे आकडे पहिल्यांदा ऐकले. थर्माकोलचा एक लांबलचक ठोकळा टेबलावर आडवा ठेवला होता. त्याच्या दोन्ही टोकांना फॉर्मायकाचे कापलेले आकार खिळ्यांनी टोचले होते, एका टोकाला मोठा आणि दुसऱ्या टोकाला लहान. दोन्ही आकारांच्या कडेवर पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेला आकडा दिलेला होता. धनुष्यासारख्या लाकडी चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार तापली होती. तिचं एक टोक पाट्या करणाऱ्या काकांच्या हातात, दुसरं त्यांच्या पुतण्याच्या हातात. काका आकडे म्हणत आणि दोघं आपापल्या बाजूच्या त्या खुणेवर एकाच क्षणी पोचत. मोठ्या आकाराकडच्याला भरभर जावं लागे, लहान आकाराकडच्याला सावकाश. पुतण्या एका आकड्यानं पुढे सरकला की तार तिरकी होई आणि पृष्ठभागावर पन्हळ उमटे. मग काका न रागावता म्हणत, ‘अरे, कान माझ्याकडे दे, डोळे खुणेवर.’

त्या दिवशी ठोकळ्यातून निघाली ती एका क्रिकेटच्या दुकानाच्या पाटीसाठीची बॅट. तेव्हा मला वाटलं होतं की ही हाताची करामत आहे आणि ती हाताबरोबरच संपेल. पुढे चार अक्षांचं तारेचं सीएनसी यंत्र मी पाहिलं. दोन बाजूंना दोन मनोरे, मध्ये ताणलेली तार, आणि प्रत्येक मनोरा आपापल्या वेगानं वर-खाली, मागे-पुढे सरकतोय. दोन्ही टोकं पुढच्या बिंदूवर एकदमच पोचत होती. मला काकांचा आवाजच ऐकू आला. फॉर्मायकाच्या जागी फाइल आली होती आणि आकडे म्हणायचं काम प्रोग्रॅम करत होता. यंत्राला जे जमतं ते माणसाला आधी मोजून जमलेलं असतं, ही माझी खात्री त्या दिवसापासूनची आहे आणि या पुस्तकाचा पायाही तोच आहे.

पुस्तकाचा विषय सरळ आहे. खेळाच्या सामानाची दुकानं, क्रीडा प्रबोधिनी, शाळांची मैदानं, बॅडमिंटनची सभागृहं, तालमी यांच्या दारावर किंवा पाटीवर बसवायच्या मोठाल्या बॅटी, चेंडू, शटल, गदा फोममधून सीएनसीवर कशा कापायच्या, आणि कापून झाल्यावर त्या वर्षानुवर्षं उन्हापावसात कशा उभ्या ठेवायच्या. फ्लेक्सचा बोर्ड एका रात्रीत छापून लागतो आणि दोन पावसाळ्यांत फिका पडतो. भिंतीतून बाहेर आलेला चेंडू मात्र मुलं लांबून ओळखतात, आणि पत्ता सांगतानाही लोक त्याच्याच नावानं सांगतात.

पुण्यात हे काम दोन वेगवेगळ्या वाटांनी आलं. एक वाट गणेशोत्सवाची. देखाव्यासाठी हलकं, चटकन कापता येणारं आणि रंग धरणारं साहित्य लागे आणि थर्माकोलनं ती गरज कितीतरी वर्षं भागवली. शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी दगडूशेठ हलवाई गणपतीसाठी उभारलेले देखावे पाहायला लोक गावोगावहून येत. उत्सवापुरत्या वास्तूचंही प्रमाण चुकू द्यायचं नसतं, हे त्या देखाव्यांनी पुण्यातल्या कारागिरांच्या दोन पिढ्यांना दाखवलं. दुसऱ्या वाटेची आठवण सहसा कोणी काढत नाही. ती भोसरी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतून येते. मोटारीच्या पत्र्याला आकार देणाऱ्या मोठ्या डाय ओतायच्या असतात तेव्हा पॅटर्न लाकडाऐवजी फोमचा करतात. तो वाळूत पुरायचा आणि वरून वितळलेलं लोखंड ओतायचं. फोम जळून नाहीसा होतो आणि त्याची जागा धातू घेतो. हॅरल्ड श्रॉयर यांना १९५८ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट मिळालं. असे पॅटर्न सीएनसीवर कापणाऱ्या माणसाला फोमचा स्वभाव आतून-बाहेरून ठाऊक असतो. घनता किती असली की कड तुटते, टूल किती फिरवलं की दाणे उपटून येतात, हे तो ठोकळ्याला हात लावून सांगतो. देखाव्याची नजर आणि पॅटर्न शॉपचा काटेकोरपणा एकत्र आले तर या शहरात कुठलंही मोठं खेळणं बनू शकतं.

आता अवघड गोष्ट आधीच बोलतो, कारण ती लपवून हे पुस्तक लिहिण्यात अर्थ नव्हता. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून ती अमलात आली. सजावटीचा थर्माकोल तिच्यात होता. निदान त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत द्या, अशी विनंती घेऊन व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये न्यायालयानं ती फेटाळली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली. तिच्या यादीत सजावटीचं पॉलिस्टायरीन, म्हणजेच थर्माकोल, नाव घेऊन आलं. अनेक घरांचा हंगामी धंदा गेला. मी त्यांतल्या काहींबरोबर बसून जेवलेला आहे, म्हणून त्यांचं नुकसान मला हलकं वाटत नाही. पण विसर्जनानंतर मुठेच्या काठाला लागलेले पांढरे दाणेही मी पाहिले आहेत. हा दाणा कुजत नाही. तो फक्त बारीक होत जातो आणि मग हाती लागत नाही.

बंदी योग्य होती, असं माझं मत आहे. आणि तिच्यामुळेच या कामाकडे मी नव्यानं पाहायला शिकलो. चार दिवस मांडून टाकून द्यायची एकही वस्तू या पुस्तकात नाही. इथे फोम असतो तो आतला गाभा म्हणून, वरून कडक कवच चढवून दहा वर्षं टिकवायचा. नाहीतर तो साच्याचा नमुना असतो, एकदा कापायचा आणि त्यावरून फायबरचे हवे तितके नग काढायचे. यांतला दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. पॉलिस्टायरीन टाळून पॉलियुरेथेनच्या घट्ट फोममध्ये काम करता येत असेल तर तेही सांगितलं आहे. त्याची धूळ बारीक आणि त्रासदायक असते, मास्कशिवाय त्याला हात लावू नये. ऑर्डर घेण्याआधी आपली वस्तू नियमात कुठे बसते, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी विचारून घ्यावं. तोंडी ‘चालतंय’वर विसंबून कोणी मशीन सुरू करू नये.

थर्माकोल हे मुळात एक व्यापारी नाव. आपल्याकडे ते इतकं रुळलं की पदार्थाचंच नाव झालं. या पदार्थात जवळजवळ ९८ टक्के हवा असते, आणि आपल्या कामाचं सगळं गणित या हवेमुळे जमतं. क्रिकेटचा चेंडू घ्या. नियमाप्रमाणे त्याचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर आणि वजन १६३ ग्रॅमपर्यंत. म्हणजे व्यास साधारण ७२ मिलिमीटर. तो दहापट करा. व्यास ७२ सेंटिमीटर होतो, पण घनफळ दहापट होत नाही, हजारपट होतं. कातडं आणि बूच यांचाच चेंडू दहापट केला तर तो १६३ किलोचा होईल. चार माणसांना तो सहज उचलवणार नाही, आणि कुठल्याही दुकानाची भिंत तो आनंदानं धरणार नाही. तोच चेंडू घनमीटरला २० किलो घनतेच्या फोममध्ये कापला तर चार किलोच्या आत भरतो. शाळेतलं मूलसुद्धा तो डोक्यावर घेऊन चालेल.

पण मोठं करणं म्हणजे नुसता गुणाकार नव्हे. नवशिके सगळ्यात जास्त इथे फसतात. चेंडूच्या शिवणीवर टाक्यांच्या सहा ओळी असतात आणि दोरा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. दहापट केला की तो एक सेंटिमीटर होतो. आता रस्त्याच्या पलीकडे, तीस मीटरवर उभे राहा. निरोगी डोळ्याला त्या अंतरावरून वेगळी ओळखता येणारी सगळ्यात लहान गोष्ट नऊ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे काटेकोर दहापट केलेला टाका तिथून दिसतो न दिसतो. चेंडू लाल गोळा वाटतो, कोणी त्याला टोमॅटोही म्हणेल. म्हणून टाका अडीच सेंटिमीटर जाड करायचा, दोन टाक्यांमधलं अंतर वाढवायचं, एकूण टाके कमी करायचे, आणि शिवण खऱ्यापेक्षा जास्त उठवायची. ओळी मात्र सहाच ठेवायच्या, कारण ज्यानं चेंडू हातात धरलाय त्याची बोटं त्या मोजतात. काय वाढवायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी खेळ माहीत असावा लागतो आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहावं लागतं. मी प्रत्येक कामाआधी कागदाचा कापलेला आकार भिंतीला चिकटवून पलीकडून पाहतो. इतक्या वर्षांनंतरही एकदा तरी तो बदलावा लागतोच.

यंत्रावरच्या कामाची प्रकरणं पुढे सविस्तर आहेत. इथे दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला सापडल्या नाहीत, हात पोळूनच कळल्या.

पहिली डिंकाची. राउटरचा, म्हणजे फिरत्या टूलनं फोम कोरणाऱ्या यंत्राचा, पलंग आठ बाय चार फुटांचा असला तरी टूल खाली-वर फारतर पंधरा-वीस सेंटिमीटर जातं. म्हणून ७२ सेंटिमीटरचा चेंडू एका ठोकळ्यातून निघत नाही. थरांत कापायचा आणि थर एकावर एक चिकटवायचे. आता डिंक वाळला की फोमपेक्षा कडक होतो. थर आधी चिकटवून मग कापायला घेतले तर टूल मऊ फोममधून जाता जाता डिंकाच्या रेघेवर उडी मारतं आणि तिथे बारीक वरंबा राहतो. घासायला गेलात तर फोम झिजतो, वरंबा तसाच. रंग दिल्यावर तो अक्षांशाच्या रेषेसारखा चेंडूभर फिरताना दिसतो. उपाय साधा आहे, डिंक कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आत थांबवायचा. टूल जिथवर पोचतं तिथवर डिंक पोचूच द्यायचा नाही.

दुसरी हव्यासाची. गोल टोकाच्या बॉलनोज टूलच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर जितकं कमी, तितका पृष्ठभाग गुळगुळीत. नवा माणूस ते एक मिलिमीटर ठेवतो. अर्ध्या चेंडूचं क्षेत्रफळ साधारण पाऊण ते एक चौरस मीटरच्या मधलं, म्हणजे मिलिमीटरच्या अंतरानं टूलला आठशे मीटरहून जास्त चालावं लागतं. मिनिटाला सहा मीटर वेग धरला तर सव्वादोन तास. तेच अंतर तीन मिलिमीटर केलं की पाऊण तास. बारा मिलिमीटरच्या टूलनं तीन मिलिमीटरच्या अंतरावर राहणारी खोबण मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी असते. वर पुट्टी आणि कवच चढणारच आहे, त्याखाली ती पार बुजते. उलट जराशी खरखर असली तर कवच घट्ट धरतं. दीड तासाची वीज आणि झीज कशासाठी?

तार आणि राउटर यांत निवड करायची वेळ आली की मी आधी तारेकडे जातो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत जाणारा कुठलाही पृष्ठभाग तारेनं होतो. बॅटचं पातं, स्टंप, गदेचा दांडा, अक्षरं, सगळं यात आलं. तारेच्या कामात भुगा निघत नाही, उरलेले तुकडे सलग राहतात आणि पुढच्या कामात लागतात. राउटरचा भुगा स्थिर विजेनं कपड्यांना, भिंतींना, केसांना चिकटतो, आणि दार उघडं राहिलं तर गटारात जातो. भुगा ओढणारं यंत्र बसवल्याशिवाय राउटरवर फोम चढवू नका. तारेच्या बाबतीत दोनच पथ्यं आहेत. तिनं फोमला टेकण्याआधीच तो वितळायला हवा. घाईनं ओढली की तार पोटात वाकते आणि कोपरे गोल होतात. आणि खोलीत हवा खेळती हवी, कारण तो धूर छातीला चांगला नाही.

माझी स्वतःची सगळ्यात महागडी चूक कवच चढवताना झाली. एका शाळेच्या मैदानासाठी फुटबॉल कापला होता. पंचकोन-षटकोनांच्या खाचा इतक्या नेटक्या आल्या होत्या की मी संध्याकाळी त्याचे फोटो काढत बसलो. फायबरचं काम करणाऱ्याकडून नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन आणलं, मॅटचे तुकडे अंथरले आणि पहिला हात दिला. दहा मिनिटांत खाचांच्या कडा ढिल्या पडल्या. मग एक षटकोन आत बसला, त्याच्या शेजारचा त्याच्यामागून. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळतं. दोघांची नावं एकाच कुळातली, हे डब्यावर लिहिलेलंच होतं. मी वाचलं नव्हतं. चार दिवसांचं काम रात्रीत पातेल्यातल्या साखरेसारखं बसलं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला मैदानाचं दार रिकामं राहिलं. तेव्हापासून इपॉक्सी वापरतो, किंवा पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर आधी पाण्यातल्या ॲक्रिलिकचे थर देऊन फोम पुरता बंद करतो. रबरी डिंक, थिनर, पेट्रोल, स्प्रेचा डबा हे सगळे त्याच जातीचे. प्रत्येक नवा डबा आधी तुकड्यावर लावून रात्रभर ठेवा. या पुस्तकातलं एकच वाक्य कारखान्याच्या भिंतीवर लिहायचं असेल तर ते हे लिहा.

शटलचं प्रकरण मी मुद्दाम मोठं लिहिलं आहे. बॅडमिंटनचा खेळ इंग्रजांच्या छावणीत पुण्यात खेळला जात होता, त्याला ‘पूना’ असंच म्हणत आणि त्याचे पहिले नियम १८७३ मध्ये इथेच लिहिले गेले, असं खेळाच्या इतिहासात मानलं जातं. १९५६ मध्ये परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांनी शेवटचा श्वासही याच शहरात घेतला. आणि जगातली सगळ्यात प्रसिद्ध प्रचंड शटलं मात्र अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयाच्या हिरवळीवर पडलेली आहेत. क्लेस ओल्डनबर्ग आणि कूशे व्हान ब्रुगन यांनी १९९४ मध्ये केलेली ती चार शटलं प्रत्येकी सुमारे साडेपाच मीटर उंच, अडीच टनांची, ॲल्युमिनियम आणि फायबरची आहेत. संग्रहालयाची इमारत म्हणजे जाळं आणि हिरवळ म्हणजे कोर्ट, अशी ती कल्पना. फोटो पाहताना दर वेळी मला वाटतं, यातलं एखादं पुण्यात हवं होतं.

शटल हे फोमचं खरं परीक्षेचं काम आहे. टोपी बुचाची, गोल. ती राउटरवर सुरेख निघते. वीसपट केली तर पन्नास ते छप्पन्न सेंटिमीटर व्यासाची. पिसं सोळा, वीसपटीला प्रत्येकी सव्वा ते एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांब. ती फोमची करू नका, पहिल्याच वादळात देठातून मोडतील. फायबरच्या पत्र्यातून त्याच राउटरवर कापा आणि देठाला आत सळई द्या. पंधरा पिसं बसवून कोणी फसवू पाहील, तर खेळणारा माणूस दारातच थांबून मोजतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. खऱ्या शटलमधली सगळी पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची असतात आणि एकाच दिशेनं एकमेकांवर चढतात. त्यामुळेच शटल उडताना एका दिशेनं फिरतं. फाइलमध्ये जागा वाचवायला म्हणून अर्धी पिसं ‘मिरर’ केली तर सोळापैकी आठ उलट्या दिशेची निघतात. मग ते शटल दिसायला शटल असतं, पण खेळणाऱ्याला ते बघवत नाही.

राहिला वारा. हलकी वस्तू सुरक्षित, असा समज आमच्या धंद्यात खोल रुजलाय आणि तो घातक आहे. वारा वजन पाहत नाही, रुंदी पाहतो. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्या वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर ९३ किलोच्या आसपास दाब येतो. नियमातली बॅट ९६.५ सेंटिमीटर लांब आणि १०.८ रुंद. पाचपट केली की चार मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब आणि अर्ध्या मीटरहून थोडी जास्त रुंद. दांडा अरुंद असल्यानं समोरून पाहिलं तर सुमारे दोन चौरस मीटर. म्हणजे काही किलोच्या फोमच्या बॅटीला वारा पावणेदोनशे-दोनशे किलोंनी ढकलणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळून चार जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याजवळ वादळात होर्डिंग पडून त्याच्या आडोशाला थांबलेल्यांपैकी पाच जण गेले. ती माणसं पाटी वाचायलाही थांबली नव्हती, पहिल्या वेळची सिग्नलला थांबली होती आणि दुसऱ्या वेळची पावसाला. म्हणून या पुस्तकात लोखंडी सांगाड्याचं प्रकरण फोमच्या प्रकरणाआधी येतं. सांगाडा भिंतीत किती खोल गेला, बोल्ट कशाचे, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही कुठे, हे ठरल्याशिवाय तार तापवायची नाही. आत दिवे असतील तर वायर फोमला टेकवू नये, नळीतून न्यावी. या फोमच्या सहवासात पीव्हीसीचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि फोम पेट घेतो. आग रोखणारी जात मागून घ्या, बिलावर ती लिहून घ्या.

काका आता काम करत नाहीत. पुतण्याच्या शेडमध्ये मनोऱ्यांचं यंत्र आहे. काका कधी आले तर स्टुलावर बसून तारेकडे पाहत राहतात. एकदा मी विचारलं, ‘काका, कसं वाटतं?’ तर म्हणाले, ‘डाव्या बाजूची तार जरा मागे राहतेय, बघ.’ पुतण्यानं पट्टा तपासला. तो सैल झाला होता.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. बाजारातून आणलेल्या ठोकळ्यातून लांबी, रुंदी, उंचीला बरोबर एक-एक फूट असा तुकडा कापा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅम भरला तर तो घनमीटरला २० किलोचा माल आहे आणि पुढची सगळी मापं त्याच्यासाठी लिहिली आहेत. चारशेच्या खाली भरला तर दुकानदाराला परत द्या.